हळदीआधी पाणी

दिवेलागणीची वेळ. पेठेतील एका भुसारी दुकानात दिवसाचा गल्ला मोजून झालेला असतो आणि फळ्या लावण्याची तयारी सुरू असते. इतक्यात मागच्या गोदामातून राजा तीन पायांवर लंगडत येतो. गेली सहा वर्षे त्या दुकानाच्या पायरीवर आणि त्याच घराच्या ओसरीवर वाढलेला हा कुत्रा. त्याच्यामागे फरशीवर रक्ताचे ठसे उमटत येतात. गोदामात तेलाच्या डब्याचे कापलेले झाकण पडून राहिलेले असते. त्याच्या धारेवर पाय पडून पुढच्या पंजाची गादी चिरली गेलेली असते.

क्षणात सारे घर गोळा होते. "अरे, आधी हळद आणि खोबरेल आणा, रक्त लगेच थांबेल," असे म्हणत आजी उठतात. मुनीमजी पानाच्या डब्यातील चुन्याची डबी पुढे करतात. बारा वर्षांचा नातू कपाटातून स्पिरिटची बाटली घेऊन धावत येतो आणि राजाच्या पायाशी वाकतो. ज्या राजाने त्या मुलाला आजवर कधी दात दाखवले नाहीत, तो त्या क्षणी गुरगुरतो.

असा प्रसंग कोणत्याही व्यापारी घरात घडू शकतो. हळद, चुना आणि स्पिरिट घेऊन धावलेल्या तिघांच्याही मनात करुणाच असते; परंतु या तिन्ही वस्तू जखमेवर पडल्या असत्या तर राजाची वेदना वाढली असती, आणि कदाचित मुलाच्या हाताला चावाही बसला असता. दशवैकालिक सूत्राने ज्ञानाला दयेच्या आधीचे स्थान दिले आहे. त्या क्रमाचा अर्थ जखमी प्राण्यासमोर बसले की फार लवकर कळतो.

मुक्या प्राण्यांसाठी, आणि त्यातही कुत्र्यांसाठी, व्यापारी समाज फार पूर्वीपासून उभा राहिला आहे. १८३२ साली मुंबईत कंपनी सरकारच्या अमलाखाली भटकी कुत्री मारण्याची मोहीम सुरू झाली, तेव्हा पारशी समाजाबरोबर जैन आणि हिंदू रहिवाशांनीही तिला कडाडून विरोध केला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ साली, जमशेटजी जीजीभाई आणि शहरातील व्यापाऱ्यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरापोळ स्थापन झाली. पांजरापोळीला देणगी देणे ही आजही अनेक घरांची परंपरा आहे. तथापि आपल्याच पायरीवरच्या कुत्र्याचा पाय चिरतो, तेव्हा पहिला अर्धा तास कोणतीही संस्था तेथे नसते. घरातली माणसेच असतात. तो अर्धा तास कसा वापरावा, एवढाच या लेखाचा विषय आहे.

आधी कुत्र्याला धीर

दुखावलेला कुत्रा ओळखीच्या माणसालाही चावू शकतो. तो कृतघ्न झालेला नसतो. वेदनेने घाबरलेला असतो. म्हणून जखमेकडे हात नेण्यापूर्वी मुलांना दूर करावे, गर्दी हटवावी, दिवा लावावा आणि कुत्रा ज्याचे सर्वांत अधिक ऐकतो त्या व्यक्तीने हळू आवाजात बोलत त्याच्या बाजूला बसावे. समोरून वाकून त्याच्या डोळ्यांत पाहू नये. एकाने डोके आणि मान सांभाळावी, दुसऱ्याने जखम पाहावी. एकट्याने दोन्ही करू जाणे धोक्याचे ठरते.

कुत्रा गुरगुरत असेल तर मऊ सुती कापडाची लांब पट्टी घ्यावी, तिचा सैल फास त्याच्या नाकाडावर घालावा, टोके हनुवटीखाली आणून मग कानांमागे बांधावीत. ही पट्टी काही मिनिटांपुरतीच असावी, कारण कुत्रा तोंड उघडून, धापा टाकूनच शरीराची उष्णता बाहेर टाकतो. त्याला श्वास लागलेला असेल, उलटी होत असेल किंवा तो पगसारखा चपट्या नाकाचा असेल, तर तोंड मुळीच बांधू नये. इतके करूनही तो जवळ येऊ देत नसेल तर बळजबरी करू नये; पशुवैद्याला बोलवावे.

जखम हाताळणाऱ्याने हातमोजे घालावेत. ते नसतील तर हात साबणाने धुवावेत आणि स्वतःच्या हाताला चिरा किंवा ओरखडा असल्यास ते काम दुसऱ्याकडे सोपवावे.

रक्त थांबवण्याची रीत

लहान चिरेतून येणारे रक्त थांबवण्यासाठी दाब हेच उत्तम औषध आहे. गॉझची किंवा स्वच्छ धुतलेल्या सुती कापडाची घडी जखमेवर ठेवावी आणि तळहाताने सारखा दाब द्यावा. पाच ते दहा मिनिटे घड्याळ लावून दाब द्यावा आणि मध्येच उचलून पाहू नये. प्रत्येक वेळी उचलून पाहिले की नुकतीच धरू लागलेली रक्ताची गाठ सुटते आणि रक्त पुन्हा वाहू लागते. पहिली घडी भिजली तर ती न काढता तिच्यावरच दुसरी ठेवावी.

कापडाच्या व्यापाऱ्याला ठाऊक असलेली एक गोष्ट येथे उपयोगी पडते. ठाणातून नुकतेच फाडलेले कोरे कापड स्वच्छ दिसते, परंतु त्यात खळ असते आणि ते पाणी किंवा रक्त नीट शोषत नाही. त्यापेक्षा अनेकदा धुतलेले जुने मऊ धोतर किंवा सुती ओढणी चांगली. अशा कापडाचे तुकडे धुऊन, इस्त्री करून, बंद पिशवीत ठेवलेले असावेत. कापसाचा बोळा मात्र जखमेवर थेट ठेवू नये. त्याचे तंतू चिकटून आत राहतात.

नख मुळाशी तुटून रक्त येत असेल तर नखाच्या टोकावर चिमूटभर कॉर्नफ्लोअर दाबून धरल्यास रक्त थांबण्यास मदत होते. हा उपाय नखापुरताच आहे. कातडीच्या जखमेत कोणतेही पीठ घालू नये.

पंजाच्या गादीतून रक्त बरेच येते, त्यामुळे जखम आहे त्याहून मोठी भासते. घाबरून जाण्याचे कारण नसते. परंतु दहा मिनिटांच्या सलग दाबानंतरही रक्त थांबत नसेल, किंवा ठोक्याबरोबर चिळकांडी उडत असेल, तर घरगुती उपचार तेथेच संपतो. दाब तसाच ठेवून दवाखाना गाठावा.

पाणी हेच पहिले औषध

रक्त थांबले की जखम धुवावी. लहान जखम चिघळते ती बहुधा आत राहिलेल्या माती, केस आणि घाणीमुळे, आणि ती घाण पाण्यानेच निघते. अनेक जैन घरांत पाणी गाळून, उकळून ठेवलेले असते. चातुर्मासात आणि घरात कोणाची तपश्चर्या सुरू असताना तर असतेच. तेच पाणी कोमट असताना जखमेसाठी योग्य आहे. अर्धा लिटर उकळलेल्या पाण्यात एक लहान चमचा सपाट भरून मीठ विरघळवले की ते शरीरातील द्रवाच्या क्षारतेच्या जवळ जाते आणि झोंबत नाही. मीठ अधिक घातल्याने जखम लवकर बरी होत नाही. ती आग करते. औषधाच्या दुकानातील सलाईनची बाटली घरात असल्यास तीही चालते.

पाणी नुसते शिंपडू नये. धार लावून सोडावे. प्लास्टिकच्या स्वच्छ बाटलीच्या झाकणाला दोन-तीन बारीक भोके पाडली आणि बाटली दाबली की पुरेशी धार मिळते. सुई काढलेली मोठी सिरिंजही उपयोगी पडते. दोन-चार मिनिटे धार सोडत राहावी, म्हणजे कडेची घाण बाहेर वाहून जाते. वर दिसणारा खडा किंवा काटा चिमट्याने अलगद काढावा. आत रुतलेली काच, खिळा किंवा पत्र्याचा तुकडा मात्र ओढून काढू नये. तो कधी कधी रक्तवाहिनीचे तोंड दाबून बसलेला असतो आणि काढताच रक्ताचा लोंढा सुरू होतो. ते काम पशुवैद्याचे.

जखमेभोवतीचे केस कापावे लागतात, कारण ओले केस आत जाऊन चिकटतात. बोथट टोकाची कात्री कातडीला समांतर धरून, थोडेथोडे केस कापावेत. त्याआधी जखमेवर ओले गॉझ ठेवल्यास कापलेले केस आत पडत नाहीत.

यानंतर जंतुनाशक म्हणून पोव्हिडोन आयोडीनचे द्रावण पुरेसे आहे, परंतु बाटलीतले तसेच वापरू नये. उकळून गार केलेल्या पाण्यात त्याचे थेंब टाकत जावे आणि पाण्याला कोऱ्या फिक्या चहाचा रंग आला की थांबावे. त्यात भिजवलेल्या गॉझने जखम टिपावी, चोळू नये. डोळ्याजवळच्या किंवा कानाच्या आतील जखमेवर घरी कोणतेच औषध घालू नये. तेथे साध्या सलाईनपुढे जाऊ नये.

जे लावू नये

हळदीचा मान स्वयंपाकघरात आणि संस्कारांत मोठा आहे, आणि आजींचा तिच्यावरील विश्वास पिढ्यानुपिढ्यांचा आहे. परंतु डब्यातील हळद निर्जंतुक नसते. तेलात कालवून भरली की तिचा लेप आतील घाण आतच बंद करतो, आणि खाली लाली आहे की पू झाला आहे हे दिसतही नाही. शिवाय कुत्रा ती चाटतो आणि चाटण्यासाठी जखमेकडे पुन्हा पुन्हा वळतो. चहाची पूड, राख आणि तंबाखू यांचेही तेच. तंबाखू तर पोटात गेल्यास विषारी आहे. चुना कातडी भाजतो. रॉकेल आणि गाडीचे जुने तेल भटक्या कुत्र्यांच्या अंगावर औषध म्हणून ओतणारे आजही दिसतात. त्याने कातडी पोळते आणि चाटल्यावर विष पोटात जाते.

शहरी घरांत चुका वेगळ्या वस्तूंनी होतात. स्पिरिटने उघड्या मांसाची आग होते आणि कुत्रा पुढच्या वेळी कोणालाही जवळ येऊ देत नाही. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस पाहून जखम साफ झाल्यासारखे वाटते, पण ते भरून येणाऱ्या नव्या पेशींनाही मारते आणि जखम भरण्यास उशीर लागतो. फरशी पुसण्याचे फिनाईल तर पाण्यात मिसळूनही वापरू नये. टी ट्री ऑइलसारखी सुगंधी तेले निसर्गातून आलेली असली तरी कुत्र्याला विषारी ठरतात.

माणसाच्या मलमांबाबतही सावध राहावे. काही मलमांत स्टेरॉइड असते, त्याने जखम भरणे लांबते. जस्त असलेले पांढरे मलम आणि सांधेदुखीचे मलम चाटल्याने पोटात जाते आणि अपाय करते. मलम लावायचेच असेल तर पशुवैद्याला विचारून लावावे.

वेदनेची गोळी कधीही नाही

कुत्रा कण्हत असला की घरातील डब्यातून ताप-अंगदुखीची अर्धी गोळी दुधातून देण्याचा मोह होतो. हा मोह सर्वांत घातक आहे. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक या गोळ्यांनी कुत्र्याच्या जठरात व्रण होऊन रक्तस्राव होतो, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. पॅरासिटामॉलचे प्रमाण थोडे चुकले तरी यकृताला इजा होते. माणसाला जे सौम्य, ते कुत्र्यालाही सौम्य असेल असे नाही. त्याचे शरीर ही औषधे वेगळ्या रीतीने पचवते.

एका जीवाला आराम देणारे औषध दुसऱ्या जीवाला कसे मारते, याचे फार मोठे उदाहरण आपल्याच देशात घडले आहे. दुखणाऱ्या गाईगुरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक त्यांच्या मृत शरीरात राहिले, ते मांस गिधाडांनी खाल्ले आणि त्यांची मूत्रपिंडे बंद पडली. १९९० च्या दशकात आरंभ झालेल्या या संहारात भारतातील गिधाडांच्या काही जाती नव्वद टक्क्यांहून अधिक नष्ट झाल्या. कारण उमगल्यावर २००६ साली सरकारने जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आणली. गुरांना ते औषध देणाऱ्यांच्या हातात दयाच होती. म्हणून कुत्र्याला वेदनाशामक हवे असेल तर ते केवळ पशुवैद्यानेच, त्याचे वजन पाहून द्यावे.

झाकावे की उघडे ठेवावे

पाठीवर किंवा मांडीवर वरवरचा ओरखडा असेल तर धुऊन, टिपून, कोरडा करून तो उघडाच ठेवावा. पंजाची जखम मात्र बांधावी लागते, कारण तीवर शरीराचा भार येतो आणि धूळ लागते. बोटांच्या मध्ये थोडा कापूस ठेवावा, जखमेवर न चिकटणारे गॉझ, त्यावर कापसाचा पातळ थर आणि वरून पट्टी, असा क्रम असावा. पट्टी बोटांकडून वर गुंडाळत जावी. मधल्या दोन बोटांची टोके बाहेर दिसत राहतील अशी ती असावी, म्हणजे बोटे सुजली किंवा गार पडली तर लगेच कळते. तसे झाल्यास पट्टी घट्ट आहे असे समजून तत्काळ सोडावी. घट्ट पट्टीने पाय गमावण्याची वेळ आली तर मूळ चिरा किती लहान होता, याला काही अर्थ उरत नाही.

पट्टी रोज बदलावी आणि ओली झाली तर त्याच क्षणी. बाहेर नेताना वरून प्लास्टिकची पिशवी बांधावी आणि घरात येताच काढावी, नाहीतर आत घाम साचतो.

कुत्र्याने चाटले की जखम बरी होते, ही समजूत सर्वत्र आढळते. प्रत्यक्षात त्याच्या तोंडात असंख्य जंतू असतात आणि खरखरीत जिभेने भरत आलेली कातडी पुन्हा सोलली जाते. त्यासाठी गळ्यात घालण्याचा प्लास्टिकचा शंकू मिळतो. धडावरची जखम असल्यास मुलाचा जुना बनियन घालूनही भागते. पहिले दोन दिवस कुत्रा रुसतो, नंतर सवय होते.

पावसाळा आणि माश्या

आषाढ ते भाद्रपद हे महिने जखमांच्या दृष्टीने वाईट. हवा दमट असते, माश्या वाढलेल्या असतात आणि ओली जखम सुकत नाही. उघड्या जखमेवर माशी अंडी घालते आणि एका दिवसाच्या आत त्यातून अळ्या बाहेर येतात. कानामागे, शेपटीच्या मुळाशी, बोटांच्या बेचक्यात ही गोष्ट कोणाच्या लक्षातही येत नाही. दुर्गंधी सुटली की मग कळते.

अळ्या पडल्यावर श्रद्धाळू घरांत एक दुविधा उभी राहते. कुत्र्याचा जीव वाचवावा तर त्या अळ्यांचे काय? ही दुविधा येऊच नये, एवढे मात्र प्रत्येक घराच्या हाती आहे. जखम पहिल्याच दिवशी धुतली, कोरडी ठेवली, पावसाळ्यात स्वच्छ गॉझने झाकली आणि कुत्र्याची बसण्याची जागा झाडून कोरडी राखली, तर माशी बसत नाही आणि कोणत्याही जीवाला पीडा होत नाही. जयणा या शब्दाचा व्यवहारातील अर्थ हाच. परंतु अळ्या पडल्याच असतील तर विचार करीत दिवस घालवू नये. त्या जिवंत मांस पोखरीत आत जातात. टर्पेंटाइन ओतण्यासारखे क्लेशदायक उपाय घरी न करता त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यावे.

चाव्याची जखम वेगळी

दुसऱ्या कुत्र्याने चावल्याची जखम कधीही लहान मानू नये. वरून दाताचे एक छिद्र दिसते. आत मात्र कातडी मांसापासून सुटलेली असते आणि जंतू खोल गेलेले असतात. अशी जखम धुऊन, न बांधता, त्याच दिवशी दाखवावी. चावणारा कुत्रा अनोळखी असेल तर आपल्या कुत्र्याचे लसीकरण झालेले असले तरी रेबीजची लस पुन्हा द्यावी का, हे पशुवैद्य ठरवतील. पाळलेल्या कुत्र्याची रेबीजची लस वेळच्या वेळी देणे, ही संपूर्ण घराची सुरक्षा आहे. धनुर्वाताचे इंजेक्शन कुत्र्याला सरसकट द्यावे लागत नाही, कारण तो रोग कुत्र्यांना क्वचितच होतो.

पेठेतील भटक्या कुत्र्याची जखम पाहून मन द्रवते. तरीही मुलांना त्याच्याजवळ जाऊ देऊ नये. दूरवरून पाणी, अन्न ठेवावे आणि प्राणिमित्र संस्थेला कळवावे. उपचार करताना कोणाला दात लागला, नखाचा ओरखडा उठला किंवा कुत्र्याची लाळ हातावरील चिरेत गेली, तर ती जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण पंधरा मिनिटे धुवावी, पोव्हिडोन आयोडीन लावावे आणि त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन लस सुरू करावी. तेल, तिखट, हळद काहीही भरू नये. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. वेळेवर घेतलेल्या लसीने तो वाचतो. सणाच्या गडबडीत किंवा दुकानाच्या गर्दीत ही गोष्ट उद्यावर टाकण्याजोगी नाही.

घराने कोठे थांबावे

चिरा कातडीच्या पार गेलेला असेल, कडा उघड्या राहत असतील, आत पिवळी चरबी किंवा लाल मांस दिसत असेल, तर टाके लागतात; ते पहिल्या सहा ते आठ तासांत पडलेले बरे. डोळा, पोट, छाती आणि सांधे यांवरील जखमा, खिळ्याने पडलेले खोल छिद्र, नायलॉन मांज्याने कापलेला गळा किंवा पाय, या गोष्टी घरच्या नव्हेत. कुत्र्याच्या हिरड्या पांढुरक्या पडल्या असतील, तो निपचित पडत असेल किंवा थंडीने कापल्यासारखा थरथरत असेल, तर जखम बाहेरून कितीही किरकोळ दिसो, क्षणाचाही विलंब नको.

जी जखम घरी सांभाळली आहे तिची रोज दोनदा नोंद ठेवावी. दुकानाचा रोजमेळ जितक्या नेमाने लिहिला जातो, तितक्याच नेमाने एका वहीत चार गोष्टी लिहाव्यात: लाली किती, सूज किती, वास येतो का, कुत्रा जेवला का. पहिल्या दिवशी थोडी लाली आणि पाण्यासारखा स्राव असणे स्वाभाविक आहे. लाली रोज ओसरत गेली पाहिजे. ती वाढू लागली, जखम हाताला गरम लागू लागली, पू किंवा दुर्गंधी आली, तर दोन दिवस आणखी पाहू असे म्हणू नये. कुत्र्याचे नेहमीचे तापमान १००.५ ते १०२.५ अंश फॅरेनहाइट असते, म्हणजे माणसापेक्षा जास्त. हाताला तो गरम लागला म्हणून ताप समजू नये, परंतु थर्मामीटरने १०३ च्या वर दिसल्यास पशुवैद्याला कळवावे.

या सर्वासाठी लागणारे साहित्य एका चपलांच्या खोक्यात मावते: गॉझ, गुंडाळीची पट्टी, चिकटपट्टी, सलाईनची बाटली, पोव्हिडोन आयोडीन, हातमोजे, बोथट कात्री, चिमटा, थर्मामीटर, विजेरी, मऊ कापडाची लांब पट्टी आणि झाकणाच्या आत चिकटवलेला पशुवैद्याचा दूरध्वनी क्रमांक. रात्रीच्या वेळी कोणता दवाखाना उघडा असतो, हे आधीच विचारून तेथेच लिहून ठेवावे.

राजाच्या घरी त्या संध्याकाळी शेवटी सुनेने मुलाच्या हातातील स्पिरिट काढून घेतले आणि त्याला दिवा धरायला बसवले. आजींची हळद तशीच राहिली, परंतु त्या रिकाम्या बसल्या नाहीत. राजाने डोके ठेवले ते त्यांच्याच मांडीवर, आणि उपवासासाठी उकळून ठेवलेले पाणीही त्यांनीच कोमट करून दिले. दहा मिनिटांच्या दाबाने रक्त थांबले. धुतल्यावर दिसले की चिरा गादीच्या वरच्या थरातच होता, कडा मिटत होत्या. पट्टी बांधली गेली, दुसऱ्या दिवशी सकाळी पशुवैद्यांनी पाय पाहिला आणि तीच काळजी पुढे चालू ठेवण्यास सांगितले. नातवाने बारा दिवस वही लिहिली.

त्या वहीच्या शेवटच्या पानावर औषधाची नोंद नाही. कापलेले डबे, खिळे आणि पॅकिंगच्या लोखंडी पट्ट्या यांसाठी गोदामात झाकणाचे पिंप ठेवले, एवढेच तेथे लिहिले आहे.